शेतात मेंढरं बसवायची, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर कळेल. पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही दौंड तालुक्यातल्या वडिलोपार्जित सहा एकरांवर परत आलात. रब्बीची ज्वारी निघून चार एकर रान मोकळं पडलंय, बाकी एकरभर ऊस आणि एकरभर डाळिंब. परवा अडीचशे मेंढरांचा एक वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता कळप, रस्त्याकडेला थांबला. त्याच्या कारभाऱ्याने, म्हणजे वाड्याच्या प्रमुखाने, 'चार रात्री बसवतो' (खतासाठी मेंढरं रात्री तुमच्या रानात ठेवतो) म्हणून शंभर मेंढरांमागे रात्रीचे पैसे आणि वर दोन पायली ज्वारी मागितली. शेजारी म्हणतात, जमीन टणक होते, तण माजतं, मेंढरांमागून लांडगा येतो. तुम्हाला एवढंच हवंय की मागितलेला भाव योग्य आहे का.

भावाचं शेवटी बोलतो. त्याआधीचं जुळलं नाही तर फुकट बसवूनही तोटाच होईल.

माझं थोडं सांगतो, म्हणजे कुठल्या अनुभवातून बोलतोय ते लक्षात येईल. मी ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. बारामती तालुक्याच्या सुपे भागात घरची नऊ एकर आहे, नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथे पोचत नाही त्या जिरायत पट्ट्यातली. नोकरीत मेंढरं आजारी पडल्यावर बघितली, घरी ती आपल्या रानात बसलेली बघितली. गेली २२ वर्षं आमच्याकडे एकच वाडा येतो. माझी माती हलकी ते मध्यम. तुमची नदीकाठची काळी असेल तर काही गोष्टी उलट्या होतील, ते जिथल्या तिथे सांगेन.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे कायम शेतकऱ्यानेच द्यायचे असतात असं नाही. मी लहान असताना आजोबा ज्वारी द्यायचे, पैशाचं नावही निघत नसे. खताला दुसरा पर्याय नव्हता आणि मोकळं रान भरपूर होतं. आता बागायती गावांत उलटं चाललंय. फ्लॉवर, कोबी, कांद्याची पात निघाली की मेंढपाळच शेतकऱ्याला पैसे देऊन रान चारायला घेतो. कारण साधं आहे: रब्बी ज्वारीच्या जागी ऊस आला, डाळिंबाभोवती तारेचं कुंपण आलं, गायरानं आक्रसली, आणि मेंढरांना पोटभर चारा मिळेल असं रान दुर्मिळ झालं. तुमच्या चार एकरांत आता नुसता धसकटांचा सांगाडा उरलाय की ओल राहून बांधाला हिरवं आहे, यावर कोण कोणाला देणार ते ठरतं. नुसती धसकटं असतील तर मेंढरं दिवसभर दुसरीकडे चरतील आणि रात्री खत तुमच्या रानात टाकतील, म्हणजे देणं तुमच्याकडे. चारा असेल तर ती तुमचंच खाऊन तुमच्यातच टाकणार, मग बरोबरीत सोडायला हरकत नाही.

आता चार रात्रींचं गणित. नव्या माणसाचा घोटाळा नेमका इथे होतो. लोकांना वाटतं, वाडा बसला म्हणजे रान खतवलं. वाघर, म्हणजे धनगर रात्री मेंढरांभोवती लावतात ती जाळी, लावली की मेंढरं अंगाला अंग लावून बसतात. एका मेंढराला साधारण एक चौरस मीटर धरा. गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटरच्या आसपास, म्हणून अडीचशे मेंढरं एका रात्रीत अडीच गुंठे खतवतात. वाघर सैल लावली तर तीन, फार तर चार. चार रात्रींत तुमचे दहा-पंधरा गुंठे होतील. चार एकर पुरे करायचे तर दोन महिने लागतील, आणि तेवढं कोणी थांबत नाही.

एका रात्रीत एक मेंढी अर्ध्या किलोच्या आसपास लेंड्या टाकते, मूत वेगळं. चरून पोट भरलं असेल तर जास्त, उन्हाळ्यात कमी. म्हणजे गुंठ्याला पन्नासेक किलो, एकरी हिशेबात दोन टन. जिरायत रानाला हेक्टरी पाच टन शेणखत सांगतात, ते एकरी दोन टनच झालं. शिवाय लेंडीखत शेणखतापेक्षा जोरकस असतं. वाळलेल्या लेंडीत नत्र ३ टक्क्यांच्या आसपास धरतात, शेणखतात अर्धा टक्काही जेमतेम असतो. तेव्हा एक रात्र पुरेशी आहे. गरिबातल्या गरीब रानाला दोन. तिसऱ्या रात्री त्याच जागेवर बसवलीत तर पीक माजतं आणि पहिल्या वाऱ्याला लोळतं. वडिलांनी एका सालात विहिरीजवळच्या तुकड्यात आठवडाभर एकाच जागी वाघर ठेवू दिली होती, पाणी जवळ म्हणून. त्या खरिपात बाजरी छातीच्या वर गेली, कणसं बोटभर आणि ताटं आडवी.

म्हणून कारभाऱ्याशी पहिलं बोलणं भावाचं करू नका. वाघर रोज सरकवायची, हे आधी ठरवा. त्याला ते नको असतं, आणि त्याचंही बरोबर आहे: दिवसभर दहा-बारा किलोमीटर चालून आल्यावर संध्याकाळी खुंट उपटा, पुन्हा ठोका, कोकरांची वेगळी जाळी हलवा. हे काम बहुतेक बायका करतात. आमच्याकडे वाघर हलवायच्या वेळेला घरातलं एक माणूस मदतीला जातं. तेवढ्याने काम होतं.

जागा कुठली निवडायची? रानाचा वरचा, चढाकडचा, मुरमाड भाग. खालच्या खोलगटात माती आणि कस वाहून आधीच साचलेला असतो, आणि वरच्या भागातलं खत पावसाने थोडंफार खाली उतरणारच. तुमचे दहा गुंठे यंदा तिथे करा, पुढच्या साली शेजारचे दहा. लेंडीचा जोर दोन-तीन वर्षं टिकतो, म्हणून दरवर्षी पट्टा सरकवत गेलात तरी चालतं, सगळं रान व्हायला मात्र बरीच वर्षं लागतील.

आणि पाळी, म्हणजे कुळव फिरवून वरची माती हलवणं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण निम्मं खत इथेच उडून जातं. मेंढीच्या मुतात नत्राचा मोठा हिस्सा असतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो अमोनिया होऊन हवेत जातो. सकाळी वाघरीच्या जागेवर उभे राहिलात की नाकाला झोंबतो तो वास म्हणजे तुमच्या खिशातले पैसेच. वाडा उठला की ऊन तापायच्या आत कुळवाची एक हलकी पाळी घाला, दोन-तीन इंच माती वर-खाली झाली की बस. खोल नांगरट नको, ती आधीच झालेली असावी. ट्रॅक्टरवाला अडीच गुंठ्यांसाठी येत नाही हे मला माहीत आहे. गावात कोणाकडे बैलजोडी उरली असेल तर त्याला सांगा. तीही नसेल तर पॉवर टिलर, नाहीतर खोरं. चार रात्रींनंतर एकदम पाळी घातली तरी काही नसण्यापेक्षा बरं, पण पहिल्या रात्रीचं बरंचसं गेलेलं असेल.

शेजाऱ्यांचे आक्षेप खोटे नाहीत, अर्धवट आहेत.

जमीन टणक होते, हे ओल्या काळ्या जमिनीबद्दल खरं आहे. अवकाळी पाऊस होऊन वाफसा यायच्या आत मेंढरं घातली तर खुरांनी माती लादीसारखी होते, आणि मेंढरांच्या खुरांत चिखल राहून ती लंगडतात. कोरड्या नांगरटीवर मात्र खुरांनी ढेकळं फुटतात, ते मला हवंच असतं. तुमची माती काळी असेल तर आभाळ भरून आलं की त्या रात्री वाघर माळावर लावायला सांगा, आणि त्या रात्रीचे ठरलेले पैसे द्या.

तणाचं बघू. लव्हाळा आणि हरळी मेंढरांमुळे आली असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. लव्हाळा जमिनीतल्या गाठीतून वाढतो, हरळी कांड्यांतून. ती तुमच्याच कुळवाने आणि नांगराने पसरवलेली आहे. खरा धोका वेड्या बाभळीचा. तिच्या गोड शेंगा मेंढरं आवडीने खातात, बी टणक असल्याने पोटातून धडधाकट बाहेर पडतं, उलट उगवायला तयार होऊन पडतं. म्हणून वाडा आधीचे तीन-चार दिवस कुठे चरत होता ते विचारा. ओढ्याकाठच्या बाभळीत असेल तर पहिल्या पावसानंतर दोन पानांवर असतानाच रोपं उपटायची तयारी ठेवा. बोटभर असताना ती हाताने निघतात, हातभर झाल्यावर कुदळ लागते. लोकरीत अडकून कुसळं आणि गोखरूही येतं, पण कातरणी नुकतीच झाली असेल तर फारसं नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, आणि माझ्या मते ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. तुम्ही मेंढरांपासून तुमच्या रानाला काय होईल ते विचारलंत. तुमच्या रानापासून मेंढरांना काय होईल?

ज्वारी काढलेल्या रानात एखादा अवकाळी पाऊस पडला, किंवा शेजारच्या उसाचं पाणी झिरपलं, की धसकटाला हिरवेगार फुटवे येतात. गुडघ्याच्या खालचे, पाण्याला ताणलेले फुटवे म्हणजे विष. आपल्याकडे 'किरळ लागली' म्हणतात ती हीच. त्यात जे तयार होतं ते पोटात गेल्यावर सायनाइड होतं. एका मार्च महिन्यात दुपारी मला बोलावणं आलं. शेतकऱ्याने चांगुलपणाने रान दाखवलं होतं, 'बांधाला हिरवं आहे, चारा.' मी पोचेपर्यंत अकरा मेंढरं पडली होती. तोंडाला फेस, मान मागे टाकलेली, एक मेंढी उभ्याउभ्या डुलत होती. तिच्या पापणीची आतली बाजू उलटी करून बघितली, तर लालभडक, पिकलेल्या टोमॅटोसारखी. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून तो रंग. माझ्या पेटीत सोडियम थायोसल्फेट होतं, जुने फोटोवाले ज्याला हायपो म्हणत ते. शिरेतून दिलं आणि उभी असलेली सात वाचली. पडलेल्यांपैकी एकही नाही. कारभारीण एका मेलेल्या मेंढीच्या कोकराला काखेत धरून बसली होती आणि ते तिच्या घोंगडीचा काठ चोखत होतं. शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, 'मला खरंच माहीत नव्हतं हो.' खरंच नव्हतं. पण दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढच्या साली तो वाडा आमच्या शिवारातून न थांबता गेला.

तेव्हा वाडा यायच्या आधी सकाळी एकदा रान पायाखाली घाला. फुटवे दिसले तर कारभाऱ्याला दाखवा. जुन्या धनगरांना सांगावं लागत नाही, पण हल्ली राखणीला पगारी पोरं असतात, त्यांना कळतंच असं नाही.

तुमच्या डाळिंबाचंही बघा. फवारणी कधी झाली ती तारीख सांगा, बांधावरच्या गवतावरही औषध उडालेलं असतं. ठिबकच्या खताच्या टाकीवर झाकण ठेवा. युरिया विरघळवलेलं पाणी तहानलेली मेंढरं घटाघटा पितात आणि तासाभरात फुगून मरतात. युरियाची फाटकी गोणीसुद्धा उघड्यावर नको, खारट म्हणून चाटतात. पाण्याची सोय वेगळी करा. अडीचशे मेंढरांना उन्हाळ्यात दिवसाला हजार लिटर तरी लागतं. तुमच्या विहिरीला तेवढं नसेल तर आधीच सांगा, ते टँकरचं बघतील किंवा पुढे जातील. पाणी आहे म्हणून बोलावून दुसऱ्या दिवशी हात वर करणं वाईट.

घरी शेळ्या असतील तर त्या आठवडाभर वाघरीच्या जागेपासून लांब ठेवा. फिरत्या कळपाला पीपीआर, आंत्रविषार आणि देवी या मेंढ्यांच्या रोगांची लस टोचली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. चांगला कारभारी स्वतःहून सांगतो. तुमच्या शेळ्यांनाही टोचलेली असू द्या, कारण रोग दोन्हीकडून जातो.

लांडग्याचं खरं सांगायचं तर तुमच्या भागात तो मेंढरांमागून येतो आणि मेंढरं नसतानाही असतो. आमच्या शेजारी मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी १९९७ साली झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडग्याचं त्यात भागत नाही. तो माळावर, नांगरटीत, उसाच्या कडेला सगळीकडे फिरतो. मात्र लांडग्याच्या नावावर खपवलेली कितीतरी मेंढरं मी तपासली तेव्हा मोकाट कुत्र्यांनी मारलेली निघाली. लांडगा बहुधा गळा धरतो आणि एखादं कोकरू उचलून नेतो. कुत्री मागचे पाय, शेपटी फाडतात आणि एका रात्रीत पाच-सहा जखमी करून ठेवतात. तुमच्या वस्तीवर कुत्रं असेल तर रात्री बांधा. त्यांची राखणीची कुत्री आणि तुमचं कुत्रं यांच्या भांडणात मेंढरं बुजून वाघर तोडतात.

लांडग्याने खरंच मेंढरू मारलं तर ते जागेवरून हलवू देऊ नका आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. वनखातं भरपाई देतं, पण पंचनाम्याशिवाय नाही. फिरस्त्या माणसाचं इथे घोडं अडतं. त्याची कागदपत्रं गावी, तो इथे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जायचं असतं. तुमचा एक फोन आणि पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून तुमची सही, एवढ्याने त्याचं काम निम्मं हलकं होतं. मेलेल्या मेंढरावर औषध टाकून ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो गुन्हा आहे, लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आणि त्या मढ्यावर आधी येतात ती गावातली कुत्री आणि कावळे. आमच्या वाड्याचे म्हातारे कारभारी कोकरू गेलं की शिव्या घालतात, तासभर बडबडतात, आणि मग 'नेला त्याचा वाटा' म्हणून चिलीम पेटवतात. त्यांना राग येत नाही असं नाही. पण त्यांनी तोही हिशेबात धरलेला असतो.

आता भाव. आकडा मी देणार नाही, कारण तो गावागणिक, सालागणिक बदलतो आणि माझ्या गावचा आकडा तुमच्या कामाचा नाही. पद्धत सांगतो. एका ट्रॉलीत किती शेणखत बसतं आणि तुमच्या गावात ट्रॉली भरून, आणून, पसरून किती पडते ते काढा. चार रात्रींत तुम्हाला अर्धा टन ओल्या लेंड्या आणि मूत मिळणार, ते जोर धरून साध्या शेणखताच्या दुपटी-तिपटीने मोजा. वाहतूक आणि पसरणं तुमचं वाचलं. एवढ्याच्या आत कारभारी मागत असेल तर हुज्जत घालू नका. ज्वारी मागितली ती द्याच. बाजारभावाने ती फार होत नाही आणि त्यांना दळण मिळतं. रात्रीचे पैसे रोज सकाळी द्या, शेवटी एकदम नको. म्हणजे वाघर सरकली का, हे रोज बघितलं जातं आणि भांडायला काही उरत नाही.

आणि याच वाड्याला पुढच्या सालीही बोलवा. फलटण-पारनेरकडचे कित्येक वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आत परततात, कारण कोकणातला पाऊस या मेंढरांना सोसत नाही. वाटेतले मुक्काम त्यांनी मनात बांधलेले असतात. दरवर्षी नवा वाडा, नवा भाव असं केलंत तर ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही तोच तुमच्याकडे येईल. माणूस ठरलेला असला की तो तुमचं रान ओळखतो. आमच्या कारभाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे की वरच्या तुकड्यात चिंचेखाली दोन साल बसलेली नाहीत.

वाडा उठून गेला की कुळवाआधी त्या जागेवरून एकदा चालून या. वाघरीचे दोन-तीन खुंट मातीत राहिलेले असतातच, आणि तो बाभळीचा खुंट टायरमध्ये गेला तर तुमचा दिवस जातो. सापडले की फेकू नका, चुलीतही घालू नका. आमचे गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेले असतात. वैशाखात कारभारीण आली की पाणी प्यायच्या आधी तिकडे हात घालते.